पिशवीतले मासे, वलगणीचे मासे

मामाच्या गावी गेले होते, महाडच्या वरच्या अंगाला. जमिनीच्या कागदांचं काहीतरी काम होतं, ते झालं नाही ते सोडा. परत निघताना साकवाजवळ गर्दी दिसली म्हणून थांबले. छोटा मांडव, दोन स्पीकर, बॅनरवर हात जोडलेले पाचसहा चेहरे आणि खाली मोठ्या अक्षरात ‘मत्स्यबीज संचयन’. तारीख 10 जुलै. टेम्पोतून प्लास्टिकच्या टम्म फुगलेल्या पिशव्या उतरवत होते, आत थोडं पाणी, वर ऑक्सिजन भरलेला, आणि पाण्यात नखाएवढी पिल्लं, इतकी दाट की पिशवी उजेडाकडे धरली तर आतलं पाणीच वळवळतंय असं वाटायचं. नदी लाल, गढूळ, काठोकाठ. पाहुण्यांनी एकेक पिशवी हातात घेतली, फोटो झाले, मग पिशव्या फाडून पिल्लं पाण्यात आणि टाळ्या. टेम्पोबरोबर आलेल्या पोराला मी विचारलं, कुठले मासे रे हे? “मिक्स आहे मॅडम.” दुकानदाराने फरसाणाबद्दल सांगावं तितक्या सहज म्हणाला. मिक्स म्हणजे? “कटला, रोहू, मृगळ. कटला जास्ती.” आणि रिकाम्या पिशव्या गोळा करायला गेला.

आता यात वाईट काय आहे, असं मीच मला एसटीत बसल्यावर विचारत होते. कुणी विष टाकत नव्हतं, उलट मासे सोडत होते. पण काहीतरी खटकत राहिलं, आणि नंतर कितीतरी दिवस ते ‘मिक्स’ डोक्यातून गेलं नाही.

10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस असतो, त्यामुळे तारीख मुद्दाम निवडलेली होती. 1957 मध्ये याच दिवशी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात एक प्रयोग यशस्वी केला. माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क काढून तो दुसऱ्या माशांना टोचायचा, म्हणजे तळ्याच्या साचलेल्या पाण्यातसुद्धा ते अंडी घालतात. एरवी कटला, रोहू, मृगळ तळ्यात वाढतात मजेत पण प्रजनन करत नाहीत, त्यांना पुराची नदी लागते. त्याआधी बीज हवं तर पावसाळ्यात नदीतून गोळा करावं लागायचं. त्या एका सुईने देशातल्या मत्स्यशेतीचं चित्र बदललं आणि त्याबद्दल माझ्या मनात कौतुकच आहे, मी रोहू खाते, आवडीने खाते. पण गोम अशी की त्यामुळे हॅचरीत जे तयार होतं तेच ‘मासे’ झालं. सरकारी कागदावर मासे म्हणजे कटला, रोहू, मृगळ. हे तिघे मूळचे गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू असल्या लांबरुंद, संथ, गाळाच्या नद्यांचे. शेततळ्यात सोडा, धरणात सोडा, तिथे कुणाचं पोट भरतं. पण सह्याद्रीवरून धबाधबा उतरून दोनचार तासांत समुद्राला मिळणाऱ्या आमच्या या आखूड कोकणी नदीत? आणि ते सुद्धा जुलैमध्ये, म्हणजे ज्या दिवसांत या नदीचे स्वतःचे मासे अंडी घालायला बाहेर पडलेले असतात, तेव्हा.

त्यांच्यासाठी मांडव कोण घालणार!

आमच्याकडे त्याला वलगण म्हणतात. कुणी चढणीचे मासे म्हणतं. रोहिण्या, मिरग असं करत करत पहिला दणदणीत पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं, पऱ्ये म्हणजे छोटे ओहोळ वाहायला लागले की नदीतले मासे पाण्याच्या उलट दिशेने वर चढायला लागतात. ओढ्यातून पऱ्यात, पऱ्यातून शेताच्या बांधावरून सांडणाऱ्या पाण्यात, तिथून भातखाचरात. लहानपणी मे महिना संपून शाळा सुरू व्हायच्या आधी कधी पाऊस लवकर लागला तर हा सोहळा बघायला मिळायचा. रात्री अकरा-बाराला मामा, मामेभाऊ आणि वाडीतले बाप्ये कंदील, बॅटऱ्या, कोयते, पाग (फेकायचं जाळं), टोपल्या, इरली असं सगळं घेऊन निघायचे. पाऊस कौलांवर असा आदळत असायचा की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. आम्हा मुलींना कधीच नेलं नाही. साप असतात, पाय घसरेल, आणखी काय काय. मुलग्यांना साप चावत नसावेत. आम्ही ओटीवर गोधडीत बसून अंधारात लांबवर हलणारे उजेड बघायचो आणि मधेच आरडाओरडा ऐकू आला की मोठा घावला वाटतं असं एकमेकींना सांगायचो.

त्यामुळे माझी माशांची ओळख पाण्यातली नाहीच, ती मागच्या पडवीतली आहे. पहाटे बाप्ये चिखलाने माखून यायचे, टोपली मामीपुढे ठेवायचे आणि झोपायचे. खरं काम पुढे सुरू. मामी पाटावर विळी घेऊन बसायची, शेजारी चुलीतल्या राखेचं घमेलं, कारण नदीचे मासे हातात ठरत नाहीत, राखेत घोळवले की पकड येते. टोपलीतून चिखलाचा, शेवाळाचा, ओल्या गवताचा एकत्र वास यायचा, समुद्राच्या मासळीसारखा उग्र नाही, थोडा गोडसर. आणि मामी एकेक उचलून नाव घ्यायची, मला शिकवायला नाही, तिची ती सवय. मळ्या. मुऱ्या. खवली. शिंगटी, काटा सांभाळ. वाम. डोकडा, हा मेला अजून जिता आहे बघ. मुऱ्या बोटाएवढा, अंगावर उभे पट्टे, खवले जवळपास नाहीतच, तोंडाला मिशांसारखे तंतू. मळ्या मला सगळ्यात आवडायचा. त्याला उलटा केला की हनुवटीखाली एक गोल चकती असते, मऊ, कडेला बारीक झालर असल्यासारखी. मामीने एकदा जिवंत मळ्या पितळी तपेल्यात टाकून दाखवला होता, तो तपेल्याच्या उभ्या भिंतीला चकती लावून चिकटून बसला, तपेलं तिरकं केलं तरी सुटेना. धबधब्याच्या पायथ्याच्या दगडावरून पाणी ज्या जोराने जातं तिथे हा असाच बसलेला असतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्याला वाहतं पाणी आणि स्वच्छ दगड, एवढंच लागतं. पण तेवढं लागतंच.

आणि विळीवर पोट उघडलं की गाबोळी. जवळजवळ प्रत्येक माशाच्या पोटात. पिवळी, केशरी, हिरवट. मामी ती वेगळ्या वाटीत काढायची आणि सगळ्यात शेवटी नुसतं तिखट, मीठ, हळद लावून तव्यावर परतायची, आम्हा पोरांना भाकरीबरोबर. वलगणीच्या गाबोळीची चव मी अजून विसरलेले नाही. तोंडाला पाणी सुटतं हे लिहिताना, आणि त्याच वेळी हेही कळतं की ती वाटी म्हणजे त्या वर्षी खाचरात न फुटलेली हजारो पिल्लं. दोन्ही एकदम खरं आहे. नेमकी अंडी घालायला निघालेली मादीच आम्ही वाटेत गाठायचो. तरीही माझ्या लहानपणी दरवर्षी टोपली भरायचीच, आजोबांच्या आठवणीतही भरायचीच. म्हणजे गावाने खाऊनसुद्धा नदी पुरत होती. मग आता काय झालं? कारण आता भरत नाही. मामेभाऊ म्हणतो, आता रात्रभर भिजून कालवणापुरते मिळाले तरी देवाची कृपा.

दादाने (हाच मामेभाऊ, माझ्याहून मोठा, दादाच म्हणते) मला त्या पिशव्यांच्या कार्यक्रमानंतर एक जागा दाखवली. वाडीकडे जाणारा जुना रस्ता ओढ्यातूनच जायचा, फरशी होती, पावसाळ्यात पाणी तिच्यावरून वाहायचं आणि माणसं अडकायची. रस्ता रुंद झाला तेव्हा तिथे भराव टाकून खाली सिमेंटचे पाइप घातले, मोरी केली. माणसांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाइपांचं खालचं तोंड ओढ्याच्या पात्रापासून चांगलं हातभर वर लटकतंय, आणि त्यातून पाणी एखाद्या नळातून पडावं तसं जोरात खाली पडतं. आम्ही छत्री धरून तिथे उभे राहिलो. खालच्या खड्ड्यात फेस होता, आणि नीट बघितल्यावर दिसलं, बोटाएवढे मासे पाण्याच्या धारेवर उडी मारत होते. एक उडी, धारेवर आदळून परत खाली. पुन्हा. काही पाइपच्या सिमेंटला आपटत होते. जो मळ्या उभ्या कातळाला चिकटून वर सरकतो त्यालासुद्धा हवेत लटकलेल्या तोंडाशी काही धरायलाच नव्हतं. वरच्या अंगाला बगळे नव्हते, खालच्या अंगाला मात्र ओळीने उभे, त्यांना आयती पंगत. दादा म्हणाला, या पाइपाच्या वर आता मासा नाही, दोन वाड्यांची खाचरं रिकामी. आणि पुढे म्हणाला, पाइप जरा खाली बसवला असता, अर्धा मातीत, तर एक पैसा जास्त लागला नसता.

हे मला त्या बॅनरपेक्षा किती तरी मोठं वाटलं, आणि इतकं बारीक की कुठल्याच बातमीत येणार नाही. धरण म्हटलं की आपल्याला लगेच कळतं की नदी अडली. कोयना, मुळशी, उजनी ही नावं माहीत असतात. पण ओढ्याओढ्यावरचे पक्के सिमेंटचे बंधारे, मोऱ्या, घाटाच्या पायऱ्या, नदीकाठच्या भिंती, यांची मोजदाद कोण ठेवतं? गंमत म्हणजे जुन्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवतात आणि पाऊस सरला की परत घालतात. तो माशांसाठी केलेला नाही, पुराने बंधारा वाहून जाऊ नये आणि गाळ साचू नये म्हणून तशी रीत. पण नेमक्या चढणीच्या दिवसांत वाट मोकळी राहते. नंतरच्या कायमच्या भिंतींना बरगेच नाहीत.

दुसरी गोष्ट डोहांची. कोकणातल्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात वाहत नाहीत, मार्चनंतर त्यांचे सुटे सुटे डोह उरतात, मधे नुसते गोटे. पावसाळ्यापर्यंत नदीतलं सगळं जगणं त्या डोहांत गोळा होऊन बसलेलं असतं. एक डोह गेला की पावसाळ्यात वर चढायला निघणारा कुणी उरतच नाही, मग पाऊस कितीही पडो. आणि डोह जायला काय काय कारणं आहेत! वाळू उपसणारे आहेत. पुराची भीती बसल्यावर गाळ काढायला आलेले पोकलेन आहेत, ते काम करतात ते बघण्यासारखं असतं, दोन दिवसांत नदीचा तळ सपाट, गटारासारखा सरळ, उथळ कुठे नाही, खोल कुठे नाही, दगड सगळे काठावर रचलेले. पूर खरा आहे, महाड-चिपळूणच्या माणसाला 2021 विसरता येणार नाही, त्यामुळे गाळ काढू नका असं म्हणायची माझी छाती नाही. पण गाळ आणि गोटे यांत फरक आहे. खडस म्हणजे महाशीर अंडी घालते ती वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या बारीक गोट्यांवर. तिची अंडी मोठी असतात, त्या मानाने संख्येने कमी, आणि गोट्यांच्या फटीतून पाणी खेळतं राहिलं तरच त्यांना प्राणवायू मिळतो. वर डोंगर कापला, माती वाहून आली आणि फटी बुजल्या की अंडी जागच्या जागी गुदमरतात. आणि गोटेच उचलून नेले तर प्रश्नच मिटला.

मग विष. जुन्या काळी उन्हाळ्यात डोहात रामेठ्याची साल नाहीतर गेळाची फळं ठेचून टाकायचे, मासे गुंगायचे, वर यायचे, लोक वेचायचे. हे फार सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही, त्यातही बारीकसारीक जीव मरायचेच. पण साल ठेचायला दहा माणसं आणि आख्खी सकाळ लागायची. आता ब्लिचिंग पावडरची एक पिशवी आणि दोन पोरं पुरतात. नाहीतर जिलेटिन. नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीची वायर. मग पाणी निवळायला आठवडा आणि डोह भरायला किती वर्षं कोण जाणे. पाण्यात सुरुंग लावणं, विष टाकणं हे 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हाच आहे. इंग्रज जाऊन एवढी वर्षं झाली, कायदा आहे तिथेच आहे आणि ब्लिचिंग पावडरही.

लहानपणी आम्हाला वाळणकोंडला नेत असत, काळ नदीवर, वरदायिनीचं ठाणं. डोहात कुरमुरे टाकले की हिरव्याकाळ्या खोल पाण्यातून आधी नुसती सावली हलते आणि मग एकदम हातभर लांबीचे, थाळ्याएवढ्या चमकत्या खवल्यांचे (लहानपणी थाळ्याएवढेच वाटायचे) मासे वर येतात, तोंडं उघडी, पाण्याचा चुळचुळ आवाज. सात बाजांची सुंभं एकाला एक बांधून सोडली तरी तळ लागत नाही असं आजी सांगायची. तिथले मासे कुणी धरत नाही. देवीचे आहेत. वाड्याजवळ वैतरणेवर तिळशाला, महादेवापाशी, तेच. आमच्या गावात एकेकाळी ब्लिचिंग टाकणारी पोरंसुद्धा वाळणकोंडात गळ टाकायचं धाडस करणार नाहीत. मी काही फार देवभोळी नाही, पण वनखातं, मत्स्यखातं आणि पोलीस या तिघांना मिळून जे जमलं नाही ते एका देवीने वर्षानुवर्षं केलंय हे मान्य करायला काय हरकत आहे. मात्र देवीचा वचक डोहाच्या काठाशी संपतो. मासा पावसाळ्यात डोह सोडून वर गेला की तो देवीचा राहत नाही, आणि वरून माती, खालून भिंत आली तर तिचं चालत नाही.

आंबोलीचं उदाहरण त्या मानाने नवं. हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळापुढच्या कुंडात एक बोटापेक्षा लहान मुऱ्या सापडला, 2020 मध्ये तो विज्ञानाला नवीन म्हणून जाहीर झाला, नाव शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एवढ्याशा माशासाठी! मला हे फार आवडलं. वाघासाठी जंगल राखतात हे ऐकून माहीत होतं, पण मुऱ्यासाठी कुंड? तिथे कुणी पिशव्या आणून काही सोडलं नाही, ती जागाच राखायची ठरवली.

कारण सोडण्याचा मोठा धडा आपण एकदा घेतलेला आहे. 1970 च्या दशकात लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने महाशीरची हॅचरी चालवली, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खडशीचं कृत्रिम प्रजनन तिथे यशस्वी केलं. धरणांमुळे महाशीर संपत चालली होती, तिला वाचवायचं म्हणून केलेलं अतिशय कष्टाचं, कळकळीचं काम. तिथली पिल्लं दुसऱ्या राज्यांतही गेली, कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःची वेगळी महाशीर होती, पाठीला वशिंड असलेली, केशरी परांची, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी. पुढे गळ टाकणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की सोडलेली निळ्या परांची खडस वाढत गेली आणि वशिंडवाली घटत गेली. 2018 मध्ये कुठे त्या वशिंडवालीचं शास्त्रीय नाव पक्कं झालं, टोर रेमादेवी, आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त यादीत गेली. म्हणजे आमच्याच घाटावरची खडस, दुसऱ्या नदीत पाहुणी म्हणून गेली आणि घरच्यांना भारी पडली. हेतू चांगला होता, मासा महाशीरच होता, नदी फक्त तिची नव्हती. हे वाचल्यापासून कुणी कुठेही मासे सोडताना दिसलं की पहिला प्रश्न मनात येतो, कुठले?

पुण्यात राहते, रोज मुठेचा पूल ओलांडते. 1839 मध्ये सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, त्यात ही खडस पहिल्यांदा शास्त्रात आली आणि तिचा नमुना होता पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. स्थानिक नावंच त्याने लॅटिन वळणाने लावली, खुदरी, कोळस, नुक्ता, अगदी आमचा मळ्यासुद्धा. आता पुलावरून खाली बघितलं की काळं पाणी, जलपर्णी, आणि त्यातही तग धरणारी चिलापी. तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला, आता उजनीच्या जाळ्यात बघा, चिलापीच चिलापी. काचेच्या टाकीत कंटाळा आला म्हणून सोडलेला सकर मासाही तिथे निघतो, अंगावर चिलखत, जाळी फाडतो, विकला जात नाही. डासांसाठी म्हणून गप्पी ओढ्याविहिरींत ओततो ते आहेच. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांचा 2011 मध्ये मोठा आढावा झाला होता, 290 जातींचा, त्यातल्या 189 जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत आणि 97 धोक्यात. एक तृतीयांश. वाघाइतके कुणी ओळखीचे नाहीत त्यात, पट्टेवाला बोटिया आहे, शिंगासारखी गाठ असलेला नुक्ता आहे. यांच्यासाठी कुणी टीशर्ट छापणार नाही.

हे सगळं मी दादाला ऐकवलं, जरा जास्तच उत्साहाने, आणि शेवटी म्हटलं की समुद्रात कसं 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, तसं वलगणीला आपण दोन आठवडे तरी पाग टाकायचा नाही असं वाडीने ठरवलं तर? दादा भडकला नाही, पण हसलाही नाही. म्हणाला, तू पुण्यात बसून रोहू खा आणि आम्ही वर्षातून चार रात्री मासे धरतो ते बंद कर. पोकलेन थांबवायला कुणाकडे जाऊ सांग, पाइप खाली बसवायला कुणाकडे जाऊ सांग, खालच्या कारखान्यांचं पाणी कोण बघणार सांग. सगळ्यात सोपा मीच सापडलो काय? यावर मला लगेच काही सुचलं नाही. तो चूक नाही. पण सगळं इतकं कमी झाल्यावर त्या चार रात्रीसुद्धा जास्त होतात, हेही चूक नाही. मामी आतून म्हणाली, बांधावरच्या वाटेत लावलेले सापळे तरी काढा, पागाने धरा काय धरायचे ते, सापळ्यातून एक सुटत नाही. त्यावर दादा गप्प बसला, कारण सापळा त्याचाच होता.

निघायच्या आधी ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही बघायला मिळाली. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाची अशी वही असते, हरित लवादाने 2020 ची मुदत घातली तेव्हा राज्यभर घाईघाईत भरल्या गेल्या, आमची त्यातलीच असावी. झाडांची पानं बरी होती. माशांच्या रकान्यात तीन नावं, रोहू, कटला, चिलापी. ग्रामसेवक भले होते, म्हणाले दुरुस्ती करता येते, समितीपुढे ठेवा. मग संध्याकाळी ओटीवर बसून यादी केली. दादाने आणि शेजारच्या काकांनी सात-आठ नावं सांगितली आणि थांबले. मामी भाकऱ्या थापता थापता आतून एकेक ओरडत होती आणि ती थांबेना. खवलीच दोन जातीची असते, एकीच्या शेपटीपाशी काळा ठिपका असतो. मुऱ्या तीन तऱ्हेचे. अहिर लिहिलास का? खडस लिही, आपल्या डोहात होती, तुझ्या आज्याने धरलेली मी कापली आहे. काका म्हणाले ती खडस नव्हतीच, त्यावर अर्धा तास गेला. कुठला मासा कुठल्या महिन्यात गाबोळीवर असतो हेही तिला तोंडपाठ, ते मी वेगळ्या रकान्यात लिहून घेतलं. वहीत तसा रकाना नाही, मी आखला.

ग्रामसेवक म्हणाले, नावं ठीक आहेत पण प्रत्येकाचा फोटो लागेल, ओळख पटवायला. यंदाच्या वलगणीला फोटो काढायचं काम दादाकडे दिलंय, त्याच्या मोबाइलला पाण्यापासून जपायला प्लास्टिकची पिशवी पण आणून दिली. परवा फोन केला तर म्हणतो, ते सगळं करतो, पण फोटो काढून झाल्यावर सोडायचे की घरी आणायचे ते आधी नीट सांग, मागाहून कटकट नको.

अजून सांगितलेलं नाही.